कोर्टाची ऑर्डर आणली की येरवडा? खुलासा

तासगाव-मिरजेकडं अजून सांगतात, "पोरगं कोयता घेऊन फिरतंय? पोलिसात द्या, कोर्टाची ऑर्डर काढून कायमचं येरवड्याच्या मनोरुग्णालयात टाकतील." हे १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्याचं शेपूट, तेव्हा मॅजिस्ट्रेटचा दाखल-आदेश चालायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, मानसिक आजारामुळं माणसापासून स्वतःला किंवा इतरांना धोका वाटला, तर पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यानं त्याला संरक्षणात घ्यायचं, कारण सांगायचं आणि २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं. कोठडीत एक रात्रसुद्धा ठेवायचं नाही. (हे सांगितलं की पारावरचे हसतात.) मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी फार तर १० दिवस दाखल करायला सांगू शकतो. प्रतिनिधीच्या, म्हणजे बहुधा घरच्याच कुणाच्या अर्जावर दाखल करायचं, तर दोघांनी, म्हणजे एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्यातला जाणकार किंवा डॉक्टर, वेगवेगळी तपासणी करावी लागते आणि पहिली मुदत ३० दिवसांची.