कॅलिफोर्नियात आर्ट्सवाल्यांचं कॉलेज मॅथ: कोणाला घेता येतं, अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात

बे एरियातल्या आपल्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात हा प्रश्न येतोच. मुलगी सायकॉलॉजीला किंवा इतिहासाला जाणार, मुलाला फिल्म करायचंय, आणि तरी कॉलेज म्हणतंय एक मॅथ करावंच लागेल, मग कोणतं घ्यायचं आणि कुठून? बाहेर कॅल्क्युलस वगैरे ऐकून आईबाबांचीच झोप उडते. तर आधी हे सांगते की आर्ट्सच्या बहुतेक मेजर्सना (मुख्य विषयांना) कॅल्क्युलस लागत नाही. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, त्यांच्यासाठी वेगळा कोर्स असतो, नाव कुठे 'मॅथ फॉर लिबरल आर्ट्स', कुठे 'लिबरल आर्ट्स मॅथेमॅटिक्स', कुठे अजून काही. तो उन्हाळ्यात किंवा हायस्कूलमध्ये असतानाही घेता येतो. मी फक्त कॅलिफोर्नियाचं लिहितेय, न्यू जर्सी-टेक्सासवाल्यांनी आपापल्या कॉलेजचे नियम बघा, तिकडचं सगळं वेगळं आहे.

हे मॅथ लागतं कशाला

कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून पुढे कॅल स्टेट किंवा यूसीला (कॅलिफोर्नियातली सरकारी विद्यापीठं) ट्रान्सफर व्हायचं तर जनरल एज्युकेशनचा, म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या सामायिक विषयांचा, एक पॅटर्न पूर्ण करावा लागतो. २०२५ च्या फॉलपासून नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी दोन्हीकडे एकच पॅटर्न आहे, त्याला कॅल-गेटसी म्हणतात, एकूण ३४ युनिट (युनिट म्हणजे कोर्स किती मोठा ते मोजायचं माप). त्यातला एरिया २ म्हणजे मॅथ, तिथे एकच कोर्स लागतो, ३ सेमिस्टर युनिटचा किंवा ४ क्वार्टर युनिटचा (कॉलेज सेमिस्टरवर चालतं की क्वार्टरवर त्याप्रमाणे), आणि ग्रेड निदान सी पाहिजे. सी-मायनस चालत नाही, हे पोरांना दोनदा सांगा.

आता खरी गंमत इथे आहे. एरिया २ मध्ये बऱ्याच कॉलेजांचं लिबरल आर्ट्स मॅथ बसतं, स्टॅटिस्टिक्स बसतं, कॅल्क्युलस पण बसतं. म्हणजे जनरल एज्युकेशनपुरतं सगळं सारखंच. पण मेजरचं वेगळं असतं ना! सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, पोलिटिकल सायन्सला बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स मागतात, बिझनेस आणि इकॉनॉमिक्सला तर कॅल्क्युलसच. इंग्लिश, इतिहास, थिएटर, आर्ट, म्युझिक असेल तर लिबरल आर्ट्स मॅथ निवांत चालतं. त्यामुळे 'सोपं कोणतं' हा पहिला प्रश्न नाहीच, 'पुढे कुठे आणि कशाला जायचंय' हा पहिला प्रश्न. मेजर अजून ठरलेलं नसेल तर माझं मत विचाराल तर स्टॅटिस्टिक्स घ्या, कारण ते जास्त मेजर्सना उपयोगी पडतं, म्हणजे एकच कोर्स दोन ठिकाणी मोजला जातो.

हे सगळं असिस्ट नावाच्या राज्याच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं. आपलं कॉलेज, पुढचं कॉलेज, मेजर असं निवडलं की कोणता कोर्स कशाच्या जागी चालतो ते दिसतं. एक गोष्ट मात्र आवर्जून बघा, काही कॉलेजांचं लिबरल आर्ट्स मॅथ कॅल स्टेटला चालतं पण यूसीला चालेलच असं नाही, आणि यादी शैक्षणिक वर्षाप्रमाणे असते, म्हणून ज्या वर्षी कोर्स घेणार त्याच वर्षाची यादी उघडा. मैत्रिणीच्या मुलीने तीन वर्षांपूर्वी घेतला होता म्हणून आपलाही चालेल असं नाही.

कोर्समध्ये असतं काय

कॉलेजप्रमाणे थोडं बदलतं पण साधारण सेट्स आणि व्हेन डायग्राम, लॉजिक, प्रॉबॅबिलिटी, चक्रवाढ व्याज आणि कर्जाचे हप्ते, ग्राफ थिअरी आणि मतदानाचं गणित, यातले चार-पाच विषय. आपल्याकडे दहावीनंतर आर्ट्सला गेलं की गणित सुटायचं, 'सुटलो बाबा एकदाचे' म्हणत, त्यामुळे आर्ट्सवाल्याला कोणी कॉलेजात मॅथ शिकवतं हेच नवल वाटतं. पण हे मॅथ वेगळं आहे.

मतदानाचं उदाहरण घ्या. २०१० मध्ये ओकलंडच्या मेयरच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीच्या मतांमध्ये डॉन पेराटा पुढे होते, पण तिथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात, एकेक उमेदवार बाद होत गेला तशी त्यांची मतं पुढच्या पसंतीला गेली आणि शेवटी जीन क्वान निवडून आल्या. सॅन फ्रान्सिस्कोत ही पद्धत २००४ पासून आहे. आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक पण पसंतीक्रमानेच होते की, फक्त आपण सामान्य मतदार ती मतपत्रिका कधी हातात धरत नाही. मग वर्गात विचारतात की तीच मतं वेगळ्या पद्धतीने मोजली तर कोण जिंकेल, आणि वेगळाच माणूस जिंकतो! केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केलं की तीन किंवा जास्त उमेदवार असले की पसंतीक्रमावरून निकाल काढणारी कोणतीही पद्धत काही अगदी साध्या, रास्त वाटणाऱ्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. त्यांना १९७२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते शिकवायचे इथेच शेजारी स्टॅनफर्डला. पोलिटिकल सायन्सच्या पोराला हे आवडणार नाही तर काय आवडेल.

कर्जाच्या हप्त्याचा भाग आईबाबांनी पण शेजारी बसून बघावा असा आहे, मॉर्गेजच्या पहिल्या काही वर्षांत किती पैसे नुसते व्याजात जातात ते स्वतः मांडून बघितलं की डोळे उघडतात.

प्रवेश कोणाला

हायस्कूल पूर्ण केलेलं असेल किंवा वय १८ झालेलं असेल तर कम्युनिटी कॉलेजात प्रवेश मिळतो, निवड वगैरे नाही, एसएटी नाही. हायस्कूलमध्ये असतानाही ड्युअल एनरोलमेंटमधून घेता येतं, त्यासाठी कॉलेजचा वेगळा फॉर्म असतो, त्यावर पालकांची आणि शाळेची सही लागते, आणि एका सेमिस्टरला साधारणपणे जास्तीत जास्त ११ युनिट घेता येतात. एवढंच लक्षात ठेवा की ही ग्रेड कॉलेजच्या कायमच्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) राहते, पुढे यूसीला अर्ज करताना दाखवावीच लागते. उन्हाळ्यात सहा आठवड्यांत उरकू म्हणून घेतलेला कोर्स, मधेच तीन आठवडे पुण्याला आजीकडे, असं करू नका हो.

एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) आलेल्या आपल्या कितीतरी जणी इथे आहेत, त्यांनाही शिकता येतं, वेगळा स्टुडंट व्हिसा लागत नाही, पार्टटाइम पण चालतं. एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, असाल तर मात्र आय-२० (कॉलेजने व्हिसासाठी दिलेला कागद) ज्या कॉलेजची आहे तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय काही करू नका.

रेसिडेन्सी, म्हणजे फीचा सगळा खेळ

कॅलिफोर्नियाचे रहिवासी असाल तर कम्युनिटी कॉलेजात एका सेमिस्टर युनिटला ४६ डॉलर, म्हणजे ३ युनिटचा कोर्स १३८ डॉलरला, वर हेल्थ फी वगैरे किरकोळ. डी ॲन्झा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात, तिथे क्वार्टर युनिटला ३१ डॉलर. रहिवासी नसाल तर याच्या कितीतरी पट, आणि तो आकडा प्रत्येक कॉलेजचा वेगळा.

रहिवासी म्हणजे टर्म सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्हाला कॅलिफोर्नियात राहून एक वर्ष आणि एक दिवस झालेला पाहिजे, आणि इथेच राहायचा इरादा कागदावर दिसला पाहिजे. मुलगा-मुलगी १८ च्या आतली असतील तर आईवडिलांची रेसिडेन्सी बघतात. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांचं सोपंच आहे. एच-१बी आणि एच-४ वाल्यांना पण रेसिडेन्सी मिळू शकते, हे खूप जणांना माहीतच नसतं, फॉर्ममध्ये व्हिसा लिहिला की सिस्टिम कधीकधी आपोआप नॉन-रेसिडेंट टाकते आणि लोक मुकाट्याने भरतात. तसं झालं तर ॲडमिशन ऑफिसला कागद घेऊन जा आणि तपासायला सांगा. एफ-१ आणि बी-१, बी-२ (व्हिजिटर व्हिसा) वाल्यांना मात्र मिळत नाही.

यातली मोठी अडचण २१ व्या वर्षाची. ग्रीन कार्डच्या रांगेत असतानाच मुलं २१ ची झाली आणि एच-४ वरून एफ-१ वर गेली की रेसिडेन्सीचा प्रश्न उभा राहतो. तारीख जवळ असेल तर वकिलाशी आणि कॉलेजशी आधीच बोलून घ्या.

कागद

ओळखीसाठी पासपोर्ट किंवा कॅलिफोर्नियाचं लायसन्स. व्हिसावाल्यांनी आय-९४ आणि आय-७९७ अप्रूव्हल नोटीस, ग्रीन कार्डवाल्यांनी कार्डाच्या दोन्ही बाजू. रेसिडेन्सीसाठी मागच्या वर्षाचा कॅलिफोर्नियाचा टॅक्स रिटर्न सगळ्यात भक्कम, सोबत लीज, गाडीचं रजिस्ट्रेशन, पीजीअँडईची (वीज-गॅसची) बिलं, बँक स्टेटमेंट यातलं काहीतरी, आणि तारखा वर्षभरापूर्वीच्या पाहिजेत, परवाचं बिल कामाचं नाही. हायस्कूलचा ट्रान्स्क्रिप्ट असेल तर द्या. भारतातल्या मार्कशीट वापरायच्या असतील तर कॉलेज ज्या इव्हॅल्युएशन एजन्सीला मानतं तिच्याकडूनच करून घ्या, आधी यादी विचारा मगच पैसे भरा.

अर्ज

सीसीसी-अप्लायवर (कम्युनिटी कॉलेजांच्या अर्जाची वेबसाइट) खातं उघडायचं, कॉलेज आणि टर्म निवडायची, अर्जाला फी नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी अर्ज होतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं आणि एकीकडे ते असतं एकीकडे नसतं, मग ट्रान्स्क्रिप्ट जुळत नाहीत. खोट्या अर्जांचा सुळसुळाट झाल्यामुळे हल्ली ओळख तपासणी होते, काही अर्ज अडकून राहतात, दोन-चार दिवसांत स्टुडंट आयडीचा ईमेल आला नाही तर स्पॅम बघा आणि फोन करा.

पूर्वी कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवायला प्लेसमेंट टेस्ट असायची आणि त्यात मुलं खालच्या वर्गात अडकायची. २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर आणि २०२२ च्या एबी १७०५ नंतर ते गेलं. आता हायस्कूलच्या ग्रेडवरून ठरवतात आणि मुलांना थेट ट्रान्सफर लेव्हलच्या कोर्सला बसता येतं, गरज वाटली तर जोडीला सपोर्ट क्लास देतात. शाळा सोडून बरीच वर्षं झालेल्यांना सेल्फ-प्लेसमेंटची प्रश्नावली असते, ती भरताना उगाच घाबरून स्वतःला खाली टाकू नका, सपोर्ट क्लास घ्या हवं तर.

मग रजिस्ट्रेशनची तारीख मिळते, त्या दिवशी सकाळी लॉगिन करून बसा कारण ऑनलाइन सेक्शन लगेच भरतात. वेटलिस्टवर असाल तर पहिल्या दिवशी वर्गाला हजर राहा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. फी परत मिळायची ड्रॉप तारीख आणि ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू (कोर्स मधेच सोडल्याची नोंद) न लागता सोडायची तारीख कॅलेंडरला टाकून ठेवा. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांनी फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भराच, एच-४ वर ती मदत मिळत नाही.

शाळेतच एपी केलं असेल तर

एपी म्हणजे हायस्कूलमध्येच द्यायची कॉलेज पातळीची परीक्षा. एपी स्टॅटिस्टिक्स किंवा कॅल्क्युलसला ३ किंवा वर स्कोअर असेल तर एरिया २ तिथेच झाला, कॉलेजात परत मॅथ घ्यायचं कारण नाही, फक्त ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून स्कोअर अधिकृतरीत्या पाठवा, स्क्रीनशॉट चालत नाही. मेजरसाठी तो स्कोअर पुरतो का ते पुढच्या कॉलेजला वेगळं विचारा, तिथे कधीकधी जास्त मागतात. क्लेप नावाची अजून एक परीक्षा आहे, पण यूसी तिचं क्रेडिट देत नाही.

ट्रान्सफर फॉलमध्ये व्हायचं असेल तर मॅथ त्याच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत संपलेलं पाहिजे. आणि सगळं झाल्यावर कॅल-गेटसीचं सर्टिफिकेशन आपोआप जाईल असं धरून चालू नका, काउन्सेलरकडे अर्ज करून ते शेवटच्या ट्रान्स्क्रिप्टबरोबर पाठवायला सांगा. दोन-तीन कम्युनिटी कॉलेजांत कोर्स केले असतील तर प्रत्येक ठिकाणचा ट्रान्स्क्रिप्ट लागतो, हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या त्या एका उन्हाळी कोर्सचासुद्धा.