खोलीच्या चित्रातले दोन पांढरे

जलरंगात खिडकी असलेली खोली रंगवणाऱ्या नवशिक्यांच्या चित्रांत एकच गफलत मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे. उजेडाचा पांढरा आणि भिंतीचा पांढरा हे दोन्ही एकच समजून खिडकी आणि तिच्या शेजारची भिंत जवळपास सारखीच कोरी सोडली जाते, आणि मग खिडकीतून प्रकाश येण्याऐवजी ती भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरासारखी दिसते.

उजेडाच्या पांढऱ्याविषयी फारसे सांगायला नको. जलरंगात तो कागदाचाच असतो आणि रंग न लावता राखून ठेवायचा असतो, हे पहिल्याच धड्यात कळते. विन्सर अँड न्यूटन या रंग बनवणाऱ्या कंपनीने १८३४ मध्ये आणलेला चायनीज व्हाइट हा पांढरा जलरंग आजही मिळतो, पण खिडकीसाठी तो मी वापरत नाही, कारण त्याच्या थराखाली कागदाचे तेज झाकले जाते.

खरा घोळ भिंतीच्या पांढऱ्याचा आहे. भिंत पांढरी असणे हा तिच्यावरच्या चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा गुण झाला. ती किती उजळ दिसेल, हे तिच्यावर किती उजेड पडतो यावर ठरते. दिवसा, दिवे बंद असताना, ज्या भिंतीत खिडकी असते तीच भिंत आतून बहुधा सर्वांत काळोखी असते, कारण बाहेरचा उजेड तिच्या आतल्या अंगावर थेट पडूच शकत नाही आणि समोरच्या भिंतीवरून, छतावरून व फरशीवरून परतलेल्या उजेडावरच तिला भागवावे लागते. तरीही ती खिडकीला लागून आहे म्हणून उजळच असणार, असे आपण गृहीत धरतो आणि दिसते ते न रंगवता ठाऊक असलेले रंगवतो. खिडकीच्या कोनाड्याची आतली कड मात्र आकाशाला सामोरी असल्यामुळे खरोखर उजळ असते. ही चार-सहा इंचांची कड आणि तिला लागून असलेली अंधारी भिंत यांतला फरक पकडला की अर्धी खोली उभी राहते.

विश्वास बसत नसेल तर एक कोरा कागद खिडकीशेजारच्या भिंतीला सपाट टेकवून धरावा आणि डोळे किलकिले करून तो आकाशाशी ताडून पाहावा. तो राखाडी दिसेल. मग तोच कागद खिडकीसमोर नेऊन आकाशाकडे तोंड करून धरावा; तो लख्ख उजळेल, कागद तर बदललेला नाही.

सावळाराम हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात ज्योत हाताआड लपलेली आहे, तरी चेहऱ्यावरचा उजेड जाणवतो, कारण भोवतालचा भाग त्यांनी धीटपणे गडद ठेवला आहे. खिडकीचेही तेच आहे: कागदापेक्षा उजळ काही आपल्याजवळ नसते, म्हणून भिंतच गडद करून खाली उतरवावी लागते. त्यासाठी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी यांच्या मिश्रणाचा पातळ राखाडी वॉश, म्हणजे पाणीदार थर, मी खिडकीची जागा वगळून सबंध भिंतीवर एकाच दमात देतो, आणि जलरंग वाळल्यावर फिका पडतो म्हणून तो मनाला पटेल त्याहून थोडा गडदच ठेवतो. नळीतला काळा पाण्यात कालवून केलेला राखाडी मला मान्य नाही. त्याने भिंत सावलीतली न दिसता मळकी दिसते.

गजांबाबत तर मी अधिकच आग्रही आहे. पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेले गज मास्किंग फ्लुइड (कागदावर रंग बसू न देणारा, नंतर काढून टाकायचा द्रव) लावून कोरे राखणारे बरेच आहेत, पण आकाशासमोर धरलेला पांढरा गजसुद्धा आतून गडदच दिसतो, त्यामुळे ते कष्ट नेमके उलट्या जागी खर्ची पडतात. आकाश पूर्ण वाळल्यावर, सगळ्यांत शेवटी, गज भिंतीच्याच राखाडीने जरा दाट करून ओढावेत, आणि जिथे उजेड सर्वांत प्रखर असेल तिथे रेघ मध्येच तुटू द्यावी.