वादविवाद, वक्तृत्व व लेखन यांचे शिक्षण

आपले म्हणणे तोंडी व लेखी मांडता यावे, ते कारणांनिशी पटवून देता यावे आणि कोणी खोडून काढल्यास त्याला उत्तर देता यावे, यासाठी विद्यार्थ्यांना दिले जाणारे पद्धतशीर शिक्षण. शाळेच्या वेळापत्रकात ही तीन कौशल्ये सहसा वेगवेगळी पडतात. निबंध भाषेच्या तासाला, भाषण स्पर्धेच्या आठवड्यात आणि वादविवाद ज्यांना मुळातच बोलता येते अशा चार-सहा जणांच्या वाट्याला. इतिहासात मात्र ती दीर्घकाळ एकत्र शिकवली गेली. तिन्हींच्या मुळाशी एकच सवय आहे : बोलताना वा लिहिताना समोर कोणीतरी आहे आणि त्याला शंका येणार आहे, हे धरून चालणे.

दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण पाठ करून बिनचूक म्हणून दाखवणे हा सभाधीटपणाचा सराव झाला. तो उपयोगी असतो, पण त्याला वक्तृत्व समजण्याची चूक फार जुनी आहे. असा विद्यार्थी मध्येच अडवून ‘असे का म्हणतोस?’ एवढे विचारले, तरी गडबडतो. बोलण्या-ऐकण्याची क्षमताही वाचन-लेखनाइतकीच शिकवावी लागते, हे ठसवण्यासाठी ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ अँड्र्यू विल्किन्सन यांनी १९६५ मध्ये साक्षरतेच्या धर्तीवर ‘ओरसी’ हा शब्द घडवला.

परंपरा : भारतीय न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन तर्कशास्त्राच्या शाखेने, वादाचे तीन प्रकार सांगितले. सत्य कळावे म्हणून केलेला तो वाद. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडत राहणे ती वितंडा. वितंडवाद हा शब्द मराठीत रोजच्या वापरात टिकला, जल्प मागे पडला. खरे तर स्पर्धेच्या व्यासपीठावर जे चालते ते बहुतांशी जल्पच असते. न्यायसूत्रांत हरण्याची बावीस कारणे, म्हणजे निग्रहस्थाने, दिली आहेत. विषय सोडून भरकटणे आणि तेच ते पुन्हा बोलणे ही त्यांपैकी दोन. ‘मला दुसरे काम आहे’ असे सांगून चर्चा मोडणे याला विक्षेप म्हटले आहे. ही पळवाट दोन हजार वर्षांत जराही बदललेली दिसत नाही. शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे निग्रहस्थान मात्र अननुभाषण हे आहे. प्रतिपक्षाने तीनदा सांगितलेले आणि सभेला समजलेले म्हणणे ज्याला स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगता येत नाही, तो हरला. आधी पूर्वपक्ष (विरोधकाचे म्हणणे) मांडायचा आणि मगच उत्तरपक्ष (त्याला दिलेले उत्तर), ही शास्त्रग्रंथांची रीत याच जाणिवेतून आली आहे. चरकसंहितेत वैद्यांच्या चर्चेचेही दोन प्रकार येतात : सलोख्याने केलेली संधाय संभाषा आणि चढाओढीने केलेली विगृह्य संभाषा. कोणाशी कोणत्या प्रकारे बोलावे, याचाही विचार तिथे केलेला आहे. तिबेटी बौद्ध विहारांत ही परंपरा आजही जिवंत आहे. उत्तर देणारा भिक्षू जमिनीवर बसतो, प्रश्न विचारणारा उभा राहतो आणि प्रत्येक प्रश्नासरशी जोराने टाळी वाजवतो.

ग्रीसमध्ये इ.स.पू. पाचव्या शतकात प्रोटॅगोरस आणि इतर सोफिस्ट शिक्षक पैसे घेऊन वक्तृत्व शिकवत. प्रत्येक विषयाला परस्परविरुद्ध दोन बाजू असतात, ही प्रोटॅगोरसची भूमिका प्रसिद्ध आहे. त्यानंतर अथेन्समध्ये शाळा काढणारा आयसॉक्रेटीस स्वतः मात्र सभेत बोलत नसे. आपला आवाज बारीक आहे आणि गर्दीपुढे धीर होत नाही, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. तो भाषणे लिही आणि इतरांना शिकवी. वक्तृत्वाचा हा थोर गुरू व्यासपीठाला घाबरणारा होता, ही गोष्ट वर्गातल्या बुजऱ्या मुलांना जरूर सांगावी. ॲरिस्टॉटलने पटवून देण्याच्या साधनांचे तीन भाग केले : बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. रोमन शिक्षक क्विंटिलियन याने इ.स. ९५ च्या सुमारास बारा खंडांत वक्त्याचे सारे शिक्षण मांडले, तेही अगदी बालपणापासून.

या काळातील पूर्वतयारीच्या लेखन-भाषण अभ्यासांची एक चढती मालिका प्रचलित होती. चौथ्या शतकातल्या आफ्थोनियसच्या मांडणीत असे चौदा अभ्यास आहेत. सुरुवात नीतिकथा पुन्हा सांगण्यापासून. मग प्रसंगकथन, सुभाषिताचा विस्तार, एखाद्या कथेचे खंडन, तिचेच मंडन, स्तुती, निंदा, तुलना, एखादे पात्र अमुक प्रसंगी काय बोलेल याची कल्पना, वर्णन आणि सर्वांत शेवटी एखाद्या कायद्याच्या बाजूने वा विरुद्ध युक्तिवाद. सोप्याकडून अवघडाकडे नेणारा इतका पायरीबद्ध क्रम आजच्याही फार थोड्या अभ्यासक्रमांत सापडतो.

मध्ययुगीन युरोपीय विद्यापीठांत वाद हा परीक्षेचाच भाग होता. विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेली वादमंडळे पुढे आली. केंब्रिज युनियन १८१५ मध्ये आणि ऑक्सफर्ड युनियन १८२३ मध्ये स्थापन झाली.

वादविवादाचे साचे : १८५८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन व त्याचा निवडणुकीतला प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांचे सात ठिकाणी वाद झाले. पहिला वक्ता ६० मिनिटे, दुसरा ९० मिनिटे आणि पुन्हा पहिला ३० मिनिटे, असा त्यांचा नियम होता. आजच्या शाळकरी स्पर्धेत एवढा वेळ कोणी ऐकून घेणार नाही. १९८८ मध्ये सुरू झालेल्या जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेत प्रत्येक बाजूचे तिघे जण आठ-आठ मिनिटे बोलतात आणि शेवटी दोन्ही बाजूंना समारोपासाठी चार मिनिटे मिळतात. तिथे आशयाला ४०, शैलीला ४० आणि डावपेचांना २० टक्के भार असतो. विद्यापीठांत रुळलेल्या ब्रिटिश संसदीय पद्धतीत दोघा-दोघांचे चार संघ असतात. विषय केवळ पंधरा मिनिटे आधी कळतो, भाषण सात मिनिटांचे असते आणि पहिले व शेवटचे मिनिट सोडून प्रतिपक्ष मध्येच उभा राहून मुद्दा विचारू शकतो. तो घ्यायचा की नाही हे वक्ता ठरवतो. पण एकही न घेणे कमजोरीचे लक्षण मानतात.

बहुतेक स्पर्धांत आपली बाजू आपण निवडत नाही, ती वाटून दिली जाते. यावरचा आक्षेप फार जुना आहे. इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सचा राजदूत म्हणून रोमला गेलेला तत्त्वज्ञ कार्निएडीस एका दिवशी न्यायाच्या बाजूने बोलला आणि दुसऱ्या दिवशी विरुद्ध. दोन्ही वेळा तरुण श्रोते भारावले. वृद्ध रोमन राजकारणी केटोने मात्र या पाहुण्यांना लवकर मायदेशी धाडा, असा आग्रह धरला. अमेरिकेत १९५४ मध्ये साम्यवादी चीनला मान्यता देण्याचा विषय महाविद्यालयीन वादासाठी निवडला गेला, तेव्हा लष्करी व नौदल अकादमींनी आपल्या विद्यार्थ्यांना त्यात भाग घेऊ दिला नाही. न पटणारी बाजू मांडायला लावणे अनैतिक आहे का, यावर तिथे बरीच वर्षे चर्चा चालली. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. ज्या विषयात एखाद्या विद्यार्थ्याच्या अस्तित्वावरच प्रश्नचिन्ह लागते, तो विषय त्याच्यासमोर खेळ म्हणून ठेवू नये. पण एरवी विरुद्ध बाजूची तयारी केल्याखेरीज स्वतःची बाजू कुठे पोकळ आहे ते कळत नाही. गरज आहे ती ‘हा सराव आहे, ही तुझी कबुली नाही’ हे आधीच सांगण्याची.

खंडन शिकवणे : नवशिक्यांच्या वादात बहुतेक वेळा दोन भाषणे समांतर धावतात, एकमेकांना भिडत नाहीत. ‘गृहपाठ बंद करावा’ हा ठराव घेऊ. पहिली मुलगी म्हणते, ‘गृहपाठामुळे मुलांवर ताण येतो.’ विरुद्ध बाजूचा मुलगा उठतो आणि म्हणतो, ‘गृहपाठाने अभ्यासाची सवय लागते.’ दोघेही बरोबर असू शकतात. वाद मात्र सुरूच झालेला नाही. चार पायऱ्यांचा सराव इथे कामी येतो : त्यांचे म्हणणे काय, त्यातले मान्य काय, अमान्य काय व का, आणि म्हणून ठरावाचे काय. त्याच मुलाने सरावानंतर दिलेले उत्तर साधारण असे असते : ‘त्यांनी सांगितले की गृहपाठाने ताण येतो. ताण येतो, हे मान्य. पण तो गृहपाठामुळे येतो, की एकाच दिवशी चार विषयांचा गृहपाठ मिळतो म्हणून येतो, हे त्यांनी दाखवले नाही. दुसरे कारण खरे असेल, तर गृहपाठाची वाटणी बदलली की भागते; तो बंद कशाला करायचा?’ पहिले वाक्य वगळले तर उरलेले लंगडे पडते. म्हणून सुरुवातीचे काही तास फक्त त्या एका वाक्याचा खेळ घ्यावा : समोरच्याचा मुद्दा असा सांगायचा की त्याने ‘हो, हेच म्हणालो मी’ असे कबूल केले पाहिजे.

ऐकता ऐकता टिपणे काढणे हे याचे दुसरे अंग. कागदाला उभ्या घड्या घालून प्रत्येक भाषणाला एक रकाना द्यायचा, दोन बाजूंना दोन रंगांची शाई वापरायची आणि उत्तर त्या-त्या मुद्द्यासमोरच लिहायचे. ज्या मुद्द्यासमोरची जागा कोरी राहिली, तो अनुत्तरित. विद्यार्थ्याला हे सांगावे लागत नाही, कागदावरच दिसते.

युक्तिवादाची बांधणी समजावण्यासाठी स्टीफन टूलमिन यांनी १९५८ मध्ये मांडलेला आराखडा अजूनही वापरतात. दावा, त्याचा आधार, आणि आधारावरून दाव्यापर्यंत जाण्याची परवानगी देणारे गृहीतक, हे त्याचे मुख्य घटक. मुले दावा आणि आधार देतात. गृहीतक पोटात ठेवतात. प्रतिपक्षाला घुसायची वाट बहुधा तिथेच असते.

सभाभय : व्यासपीठावरची धडधड ही काही स्वभावाची उणीव नाही. १९९३ मध्ये जर्मन संशोधकांनी प्रयोगशाळेत ताण निर्माण करण्याची जी प्रमाणित पद्धत तयार केली, तिचा अर्धा भाग म्हणजे अनोळखी परीक्षकांपुढे पाच मिनिटांचे भाषण आणि उरलेला अर्धा तोंडी वजाबाकी. बहुतेकांच्या शरीरात यामुळे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. आपली घाबरगुंडी श्रोत्यांना स्पष्ट दिसते आहे असे वक्त्याला वाटते, प्रत्यक्षात ती तेवढी दिसत नाही. २००३ मध्ये सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी हे दाखवले. शिवाय ही गोष्ट आधी समजावून सांगितलेल्या वक्त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. एरवी उपाय साधाच : आधी जोडीदारापुढे, मग चौघांत, मग वर्गापुढे, पूर्ण संहिता न लिहिता हाताच्या तळव्याएवढ्या कार्डावर चार-पाच शब्द, आणि पहिले व शेवटचे वाक्य तेवढे पक्के. हातवारे आणि आवाजाचे चढउतार याच्याही मागून आले तरी चालतात. ते आधी शिकवले की भाषण नाटकी होते.

लेखनाशी नाते : बेंजामिन फ्रँकलिन याचा किस्सा इथे नेमका लागू पडतो. मुलींना शिक्षण द्यावे की नाही, यावर त्याचा आणि एका मित्राचा पत्रांतून वाद चालला होता. ती पत्रे वडिलांच्या हाती पडली. त्यांनी बाजू कोणाची खरी ते सांगितलेच नाही. शुद्धलेखन तुझे बरे, पण मांडणी आणि स्पष्टता त्याची सरस, एवढेच म्हणाले. मग फ्रँकलिनने ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातले निबंध घेतले, प्रत्येक वाक्याच्या आशयाची त्रोटक टिपणे केली, काही दिवस बाजूला ठेवली आणि त्यांवरून निबंध पुन्हा लिहून मुळाशी ताडून पाहिला. कधी टिपणांचा क्रम मुद्दाम विस्कटून काही आठवड्यांनी तो जुळवला. मांडणी शिकण्यासाठी एकट्याने करता येण्याजोगा याहून चांगला अभ्यास सुचणे कठीण आहे.

सुटे व्याकरण घोकून लेखन सुधारत नाही. ग्रॅहम व पेरिन यांनी २००७ मध्ये किशोरवयीनांच्या लेखनावरील संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात आखणी, खर्डा व पुनर्लेखनाच्या युक्त्या उघड करून शिकवण्याचा परिणाम (ज्या मापात शून्य म्हणजे काहीच फरक नाही आणि ०.८ म्हणजे मोठा फरक) ०.८२ इतका मोठा आढळला, सहाध्यायांसोबत लिहिण्याचा ०.७५, तर तुटक व्याकरणपाठांचा उणे ०.३२. बेरायटर व स्कार्डामालिया यांनी १९८७ मध्ये लेखनाच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या : माहीत आहे ते सुचेल तसे सांगत जाणे आणि वाचकाचा व हेतूचा विचार करून त्या माहितीला नवा आकार देणे. शाळकरी निबंध बहुधा पहिल्यातच अडकतो. सुरुवातीला व्याख्या, मध्ये फायदे, मग तोटे आणि शेवटी एक सुविचार, असा जो ठरीव निबंध पिढ्यानपिढ्या लिहिला जातो, त्यात कोणाशीही वाद नसतो. म्हणून वाचकालाही काही पडलेले नसते.

वादाने यात फरक पडतो का, याची एक चांगली चाचणी डिॲना कून आणि ॲमंडा क्रोवेल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. माध्यमिक शाळेतल्या मुलांनी तीन वर्षे दोघा-दोघांच्या जोडीने, संगणकावर लिहून, विरुद्ध जोडीशी वाद घातला. नेहमीची वर्गचर्चा आणि निबंधलेखन करणाऱ्या मुलांच्या तुलनेत त्यांच्या निबंधांत दोन्ही बाजूंचा विचार अधिक दिसला. जोडीमुळे आणखी एक साधते. काय उत्तर द्यायचे यावर दोघांत आधी खल होतो, आणि लेखी वाद असल्याने बोललेले हवेत विरत नाही.

मूल्यमापन : गुण देण्यापेक्षा कारण सांगणे महत्त्वाचे, म्हणून संसदीय पद्धतीच्या वादात निकालानंतर परीक्षक तो कसा लागला हे तोंडी समजावतात. वर्गात हे काम विद्यार्थ्यांकडेच सोपवता येते. न बोललेल्या मुलाने दोन्ही बाजूंचा सर्वांत जड मुद्दा एकेका वाक्यात लिहून वाचायचा. लेखनात शिक्षकाने एका खेपेला दोनच त्रुटी दाखवाव्यात, एक मांडणीतली आणि एक भाषेतली. लाल शाईने भरलेली वही मिटून ठेवण्याकडेच मुलांचा कल असतो. घरून लिहून आणलेला मजकूर यंत्राकडूनही मिळू लागल्यापासून निबंधानंतर पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारण्याची पद्धत पुन्हा मूळ धरू लागली आहे. ‘हे वाक्य विरुद्ध बाजूला पटेल का?’ असे विचारले की लिहिणारा कोण, हे पहिल्या मिनिटातच कळते.