औषध ठाऊक आहे, मग उशीर कुठे होतो?

धडगाव, अक्कलकुवा हा सातपुड्याचा पट्टा सिकलसेलचा. या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं असह्य ठणकू लागतात. असा रुग्ण रुग्णालयात आला की तासाभरात वेदनाशामकाचा पहिला डोस मिळावा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. नंदुरबार-धुळ्याकडच्या कुठल्याही जेआर-वनला (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला) हे तोंडपाठ असेल.

तरीही डोस लांबू शकतो. केस पेपर निघायचा असतो, कडक औषधांच्या कुलूपबंद कपाटाची किल्ली राउंडला गेलेल्या सिस्टरकडे असते, पेशंट पावरी या इथल्या आदिवासी बोलीत बोलतो आणि डॉक्टर लातूरचा असतो. यात कुणाचं अज्ञान नाही. मग आणखी एक लेक्चर घेऊन काय साधणार?

इथे लागते ती गुणवत्ता सुधारणेची पद्धत. तिचं मूळ कारखान्यांत, शूहार्ट आणि डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांच्या कामात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया कार्यालयाने दिल्लीच्या एम्ससोबत तिची चार पायऱ्यांची सोपी मांडणी केली: अडचण निवडून टीम आणि उद्दिष्ट ठरवा, कारणं शोधून मोजमाप करा, बदल करून पाहा, तो टिकवा. मोजायचं ते थोडंच. पेशंट किती वाजता आला, इंजेक्शन किती वाजता दिलं. बदलही आधी एकाच ड्यूटीत, एखाद-दुसऱ्या पेशंटवर करून बघायचा. फसला तर नुकसान एका रात्रीचं. या दोन वेळांमधल्या अंतराचे आकडे तारखेनुसार आलेखावर मांडायचे. जुन्या मध्यकाच्या (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याच्या) खाली सलग सहा बिंदू गेले, तर तो योगायोग नसून बदलाचा परिणाम असण्याची शक्यता मोठी.

अमेरिकेत निवासी प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेने १९९९ मध्येच आपलं काम तपासून सुधारणं ही डॉक्टरची मूलभूत क्षमता मानली. आपल्याकडे एमडीला थिसिस सक्तीचा आहे, आणि बरेच थिसिस (खरं सांगायचं तर) कपाटातच राहतात. जिल्हा निवासी कार्यक्रमाचे, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याने जिल्हा रुग्णालयात काढायचे, तीन महिने मला या कामासाठी जास्त योग्य वाटतात: जिल्हा रुग्णालय, खरी गर्दी, आणि बदलाच्या चार-पाच फेऱ्या करून पाहण्याइतका वेळ.

खरी अडचण चौथ्या पायरीवर, बदल टिकवताना, येते. निवासी डॉक्टर बदलून जातात, सिस्टर आणि वॉर्डातले मामा-मावशी मात्र राहतात. त्यांना टीममध्ये फक्त नावापुरतं घेतलं, तर पुढच्या बॅचला किल्ली पुन्हा शोधावी लागते.