हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे

कोणी रात्री झोपेत गेलं की आमच्या वाडीत अजूनही ‘हार्टफेलने गेले’ असंच सांगतात. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात आईच्या केसपेपरवर ‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द वाचले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. घरी येताना गाडीत आईने हळूच विचारलं, “म्हणजे माझं हृदय थांबलं का गो?” ज्यांच्या घरात हे निदान नुकतंच झालंय, त्यांच्याही मनात पहिला प्रश्न हाच येत असणार.

थांबलेलं नाही. दमलंय. निरोगी हृदय दिवसाला सुमारे 1 लाख ठोके देतं आणि आपण नुसते बसलेले असलो तरी मिनिटाला 5 लिटरच्या आसपास रक्त पुढे ढकलतं. हार्ट फेल्युअरमध्ये हे काम शरीराच्या गरजेला पुरत नाही. कधी स्नायू अशक्त झालेला असतो, कधी तो ताठर होऊन नीट सैल पडत नाही आणि कप्प्यात रक्त पुरेसं भरतच नाही. कारणं बहुधा आधीची असतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब, मधुमेह, खराब झालेली झडप.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ असतो. आईचा 30 टक्के आला. शाळेत 35 ला पास धरतात, त्या हिशेबाने माझा भाऊ आई नापास झाली असं समजून बसला होता. पण हे गुण 100 पैकी नसतात. हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा भरल्यावर त्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, तो हा आकडा. धडधाकट माणसाचाही तो साधारण 55 ते 70 च असतो. ज्यांचं हृदय ताठर झालंय त्यांचा आकडा चांगला येऊनही त्यांना हार्ट फेल्युअर असू शकतं. आणि औषधांनी कित्येकांचा आकडा वर चढतो.

मग पाय का सुजतात? दोष हृदयाचा, पण पाणी साठवतं मूत्रपिंड. रक्ताचा ओघ कमी झाला की त्याला वाटतं शरीरातलं पाणी आटलंय, कुठे रक्तस्राव झालाय. जखमी माणसाला वाचवणारी जुनी यंत्रणा कामाला लागते, हार्मोन्स सुटतात, मीठ आणि पाणी अडवलं जातं, रक्तवाहिन्या आवळतात. इथे मात्र ही मदतच जिवावर उठते. आधीच थकलेल्या हृदयाला जास्त पाणी, तेही आवळलेल्या नळ्यांतून ढकलावं लागतं. मागे तुंबलेलं पाणी पायांत उतरतं, फुप्फुसांत झिरपतं. आईच्या नडगीवर डॉक्टरांनी अंगठा दाबून उचलला, तर तिथे खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत बोट रुतावं तसा. मे महिनाभर ती तीन उशा घेऊन झोपत होती आणि आम्ही ते उकाड्यावर ढकललं होतं. आडवं पडल्यावर धाप लागणं आणि मध्यरात्री गुदमरून उठून बसणं, ही खूण आमच्या नजरेतून निसटली याची मला आजही टोचणी आहे.

उपचाराचं सूत्र एकच, हृदयावरचा भार उतरवा. त्याचा एक धडा कोकणातच लिहिला गेला. लाल विंचू चावल्यावर रक्तवाहिन्या एकदम आवळतात, हृदय त्या दाबापुढे हरतं आणि फुप्फुसांत पाणी भरून माणूस दगावतो. महाडजवळ बिरवाडीला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे रुग्ण रात्र-रात्र जवळून पाहिले. रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी या रुग्णांवर लागू पडते, हे त्यांनी 1986 साली ‘द लॅन्सेट’मध्ये मांडलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आईचा आजार संथ आणि त्याची औषधं वेगळी, पण वाट तीच. त्यांतल्या एका गटाचा उगम तर ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषात आहे. त्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल घडलं आणि तिथून पुढच्या गोळ्या आल्या.

आज अशक्त हृदयासाठी चार गटांची औषधं एकत्र देतात. रक्तवाहिन्या सैल करणारं एक, हृदयाचे ठोके संथ करणारं बीटा ब्लॉकर, मीठ-पाणी अडवणाऱ्या हार्मोनला रोखणारं स्पायरोनोलॅक्टोनसारखं एक आणि मुळात मधुमेहासाठी आलेलं डॅपाग्लिफ्लोझिनसारखं एक. ही औषधं आयुष्य वाढवतात. लघवीची गोळी साठलेलं पाणी काढून दम कमी करते. डोस हळूहळू वाढवत नेतात, सुरुवातीचे काही आठवडे थकवाही वाटतो. बरं वाटलं म्हणून ही औषधं मनाने बंद करू नका. एसटीच्या प्रवासात पंचाईत नको म्हणून लघवीची गोळी टाळणारे मी कितीतरी पाहिलेत. वेळ पुढे-मागे करता येते, डॉक्टरांना विचारा.

आता मीठ. आमच्या घरात खरी लढाई इथे झाली. निदान झालं ते नेमकं आगोटीच्या तोंडावर. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यातच बेगमी भरलेली. डब्यात सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा, वर पापड, मिरगुंडं, सांडगी मिरच्या, बरणीत खारातली कैरी. पावसाळी सकाळी गरम पेज आणि भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा, हे आईचं सत्तर वर्षांचं सुख. निरोगी माणसालाही दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा मीठ पुरे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढं तर या ताटात भाजीआधीच संपतं. आम्ही मिठाचा डबा आत ठेवला, पण पापड चालूच होते. चूक आमची होती.

सैंधवाने काही साधत नाही, तेही सोडियमच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं आणि शहाळ्यातही ते भरपूर असतं. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढू शकतं आणि फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. दारचं शहाळं आजाऱ्याला रोज द्यावं असं आपल्याला वाटतं, इथे ते विचारूनच द्या. चव मात्र कोकणात सहज मिळते. आमसुलाचं आंबट, ओलं खोबरं, तिरफळं, आलं-लसूण. तिरफळं घातलेलं ताज्या बांगड्याचं तिखलं आई आता निम्म्या मिठात करते आणि आम्ही सगळे तेच खातो. एकट्या आजाऱ्याला वेगळं, अळणी ताट वाढू नये. त्याने माणूस आतून खचतो.

दुसरा शत्रू गुडघेदुखीची गोळी. लावणीच्या दिवसांत डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वाडीत घरोघरी असतात. त्या शरीरात मीठ-पाणी अडवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. आईच्या पिशवीतून मी एक अख्खी पट्टी बाहेर काढली.

पडवीत वजनकाटा ठेवलाय. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, पेज घ्यायच्या आधी, तशाच हलक्या साडीत आई त्यावर उभी राहते आणि आकडा वहीत जातो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे सूज डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला कळते. दिवसात किलोभर किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर डॉक्टरांना फोन. श्रावणात शेजारणीने प्रेमाने सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची चटणी आणून दिली. दुसऱ्या दिवशी वहीत 57.2 चे 58.4 झाले. फोन केला, दोन दिवस लघवीची गोळी वाढवून मिळाली, आकडा उतरला. पण बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर वजनाची वाट न बघता 108 ला फोन करायचा. तो नंबर आम्ही वहीच्या पहिल्याच पानावर मोठा लिहिलाय.

वहीत दुसरा रकाना पाखाडीचा. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाच्या 64 पायऱ्या आहेत. जूनमध्ये आईला त्या चढताना सात वेळा थांबावं लागलं होतं. डॉक्टरांच्या परवानगीने ती आता रोज अंगणात चालते, आधी पाच मिनिटं, मग दहा. गणपती विसर्जनाला ती स्वतः खाली उतरली. येताना दोनदा टेकली. तेही मी लिहून ठेवलंय, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवायचंय.