शॉनी समाज आणि खुल्या रंगमंचावरील त्याचे चित्रण

शॉनी हे ओहायो नदीच्या खोऱ्यातील, अल्गोन्कियन भाषाकुलातील मूळ अमेरिकी लोक. एकोणिसाव्या शतकात त्यांना तिथून हुसकावण्यात आले. अमेरिकन संघराज्याने मान्यता दिलेल्या त्यांच्या तिन्ही जमाती आज ओक्लाहोमात आहेत.

या समाजाच्या पाच शाखा होत्या. चिलिकोथी आणि थाविकिला यांच्याकडे राजकीय नेतृत्व, मेकोचेंकडे औषधोपचार, पेकोवींकडे धर्मविधी आणि किस्पोकोंकडे युद्ध, अशी कामाची परंपरागत वाटणी होती. शांतताप्रमुखाचे पद वडिलांकडून मुलाकडे जाई. युद्धप्रमुखाला ते मिळवावे लागे. त्यासाठी अनेक यशस्वी मोहिमा आणि सोबत नेलेली माणसे सुखरूप परत आणणे, या दोन्ही गोष्टी लागत. स्त्रियांमध्येही शांततेच्या आणि युद्धाच्या प्रमुख असत. त्या बहुधा पुरुष प्रमुखांच्या नात्यातल्या. मोहीम अन्याय्य वाटली तर शांतताप्रमुख स्त्री युद्धप्रमुखाकडे जाई. मूल जन्माला घालताना आणि वाढवताना आयांनी सोसलेले कष्ट त्याच्यापुढे मांडून ती त्याला थांबवू शके. शॉनी राज्यव्यवस्था समजून घ्यायची तर या अधिकारापासूनच सुरुवात करावी.

मका, घेवडा आणि भोपळ्याची शेती स्त्रियांची, शिकार पुरुषांची. ही वाटणी वसंतातील भाकरी-नृत्यात स्पष्ट दिसते. बारा शिकारी आणि बारा स्वयंपाकिणी नेमल्या जातात. शिकारी मांस आणतात, स्त्रिया मक्याच्या भाकरी करतात, मग दोघांची देवाणघेवाण होते. या काळात पुरुषांविरुद्ध स्त्रिया असा चेंडूचा खेळही रंगतो: पुरुषांनी चेंडू फक्त पायाने मारायचा, स्त्रियांना तो हातात घेऊन पळायची आणि फेकायची मुभा. सृष्टी घडवणारी शक्तीही त्यांच्या श्रद्धेत आजीच आहे, कोकोमथेना.

रंगमंचावर यातले फार थोडे पोहोचते. ओहायो राज्यातील चिलिकोथी शहराजवळ शुगरलोफ माउंटन ॲम्फिथिएटर या खुल्या रंगमंचावर १९७३पासून उन्हाळ्याच्या रात्री ‘टेकमसे!’ हे नाटक होते. गोऱ्या वसाहतींच्या विस्ताराविरुद्ध अनेक जमातींना एकत्र आणू पाहणारा शॉनी नेता टेकमसे हा त्याचा नायक. घोडे, तोफा, चकमकींचे धूर यांनी सजलेला हा भव्य प्रयोग आहे आणि अनेक प्रेक्षकांची शॉनींशी पहिली ओळख इथेच होते. परंतु अशा नाटकाला एकच नायक लागतो, तर शॉनींचे निर्णय सभेत, दीर्घ चर्चेने होत. म्हणून शाखा, स्त्रीप्रमुख, शेतीचे वर्ष हे सारे मागे पडते. टेकमसेचा धाकटा भाऊ तेन्स्क्वाटावा याच्यावरही अशा मांडणीत अन्याय होतो. अमेरिकी सैन्याशी झालेल्या १८११च्या टिपेकनूच्या लढाईपर्यंत या भावांच्या चळवळीचा गाभा त्याचा धर्मोपदेश होता, असे अनेक इतिहासकार साधार दाखवतात.

पोशाखातली चूक नेहमीची: पिसांचा लांब मुकुट मैदानी जमातींचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस शॉनी पुरुष व्यापारातून आलेल्या कापडाचे सदरे, डोक्याला फेटा, चांदीचे दागिने वापरत. घरांचेही तसेच: खांबांच्या सांगाड्यावर एल्मच्या सालीचे तक्ते बसवलेली घरे असत, आणि पुढे ओंडक्यांचीही.

ओहायोतल्याच झीनिया शहराजवळील ‘ब्लू जॅकेट’ या नाटकाने तर मूळ आधारच चुकीचा धरला. ब्लू जॅकेट हा शॉनी युद्धप्रमुख म्हणजे पळवून नेलेला गोरा मुलगा होता, अशी त्याची कथा. वंशजांच्या डीएनए चाचण्यांचा २००६चा निष्कर्ष या कथेच्या विरोधात गेला. नाटक २००७नंतर बंद पडले. झीनियाजवळच्याच ओल्डटाउन येथे २०२४मध्ये तिन्ही शॉनी जमातींच्या सहभागाने ग्रेट काउन्सिल स्टेट पार्क उघडले. त्याच्या इमारतीचा आकार सभागृहाचा आहे.