दोन लाख खोटे इशारे

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात गोळीबार झाल्याची बातमी आली की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास निघतात. ज्यांची मुलं तिकडे एमएस करताहेत, ते तर जीव मुठीत धरून विचारतात. सगळ्यांच्या बंदुका काढून का घेत नाहीत? आणि एवढं एआय आलंय, तर असा माणूस आधीच ओळखता का येत नाही?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या राज्यघटनेत आहे. 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या घटनादुरुस्तीचा अर्थ लावला, की शस्त्र बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे. शाळांसारख्या संवेदनशील जागी शस्त्रबंदी घालता येते, असंही त्याच निकालात आहे. पण सरसकट जप्तीचा रस्ता बंद झाला. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण निरपराध विद्यार्थ्याचं स्वातंत्र्य आणि कॅम्पसची सुरक्षितता यांत भांडण असल्याचं आपण धरून चालतो, आणि हे गणित तो समजच मोडून काढतं.

अमेरिकेच्या कॉलेजांत सुमारे 1.9 कोटी विद्यार्थी शिकतात. त्यांतले 20 जण यंदा हल्ला करणार आहेत, असं उदाहरणापुरतं धरू. हल्लेखोर 99 टक्के वेळा पकडणारी आणि निरुपद्रवी माणसाला 99 टक्के वेळा सोडून देणारी एक चाचणी कुणीतरी बनवली. माणसाच्या मनाची इतकी अचूक चाचणी जगात कुठेही नाही, तरीही मानू. ती बहुधा 20 च्या 20 जणांना पकडेल. पण उरलेल्या 1.9 कोटींपैकी एक टक्का, म्हणजे 1,90,000 निरपराध मुलांवरही तिचं बोट जाईल. जिच्यावर बोट गेलं ती व्यक्ती खरोखर हल्लेखोर असण्याची शक्यता साडेनऊ हजारांत एक! चाचणी 99.9 टक्के अचूक केली तरी 19,000 खोटे इशारे उरतातच. दोष यंत्राचा नाही. जी गोष्ट मुळातच अतिदुर्मिळ आहे, तिच्या शोधात खोटे इशारे खऱ्यांना बुडवून टाकतात.

मग करायचं काय? इथे थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा नियम उपयोगी पडतो. त्याच्या मृत्यूनंतर, 1763 मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या शक्यतेला पुराव्याच्या वजनाने गुणायचं, की नवी शक्यता मिळते. वजन म्हणजे ती खूण हल्लेखोरांत किती वेळा दिसते, भागिले इतरांत किती वेळा दिसते. ‘एकलकोंडा आहे’ ही खूण घ्या. हल्लेखोरांत निम्मे आणि इतरांत पाचातला एक असा असेल, तर वजन अडीच. मुळात 1.9 कोटींत 20, म्हणजे साडेनऊ लाखांत एक असलेली शक्यता 3.8 लाखांत एकवर आली. हाती काहीच लागलं नाही. आता दुसरी खूण: मित्राला जागा आणि दिवस सांगितला, शिवाय गोळ्या विकत आणल्या. समजा, हल्लेखोरांत निम्मे असं करतात आणि इतरांत लाखात एखादाच. वजन 50,000. शक्यता एकदम 20 मध्ये एकच्या आसपास येते.

एक खाचही सांगायला हवी. वजनांचा गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा खुणा एकमेकींपासून स्वतंत्र असतात. एकलकोंडा, उदास आणि झोप न लागणारा या तीन खुणा बहुधा एकत्रच येतात. त्यांची वजनं वेगवेगळी गुणली तर एकच पुरावा तीनदा मोजल्यासारखं होतं. ‘दहापैकी सात लक्षणं जुळली’ छापाच्या याद्या इथेच कोसळतात. गप्प मुलाकडे संशयाने पाहणं हा नजर लागण्याइतकाच निराधार समज आहे, आणि मानसिक आजार म्हणजे हिंसा हाही.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण खात्याबरोबर 1974 ते 2000 मधले शाळांवरचे 37 हल्ले तपासले. 2002 च्या त्या अहवालात हल्लेखोरांचं एकच असं ठरावीक चित्र निघालं नाही. मात्र 81 टक्के घटनांत निदान एका माणसाला तरी बेत आधी ठाऊक होता. म्हणजे वजनदार पुरावा असतो, फक्त तो वेगवेगळ्या लोकांकडे विखुरलेला असतो.

व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात नेमकं हेच झालं. 16 एप्रिल 2007 ला तिथे 32 जण मारले गेले. त्यांत मुंबईहून वास्तुकला शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी होती आणि तमिळनाडूत जन्मलेले एक प्राध्यापकही. हल्लेखोराच्या लिखाणाने आणि वागण्याने इंग्रजी विभाग धास्तावला होता. वसतिगृह, कॅम्पस पोलीस, समुपदेशन केंद्र, प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता. गोपनीयतेच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावून ते गप्प राहिले. कायदा जितकं बोलू देत होता, तितकंही कुणी बोललं नाही. डिसेंबर 2005 मध्ये, या हल्लेखोराकडून त्याच्या स्वतःच्याच जिवाला धोका आहे असं सांगून एका विशेष न्यायाधीशाने त्याला बाह्यरुग्ण उपचारांचा आदेश दिला. केंद्रीय कायद्यानुसार अशा माणसाला बंदूक विकायला मनाई होती. पण व्हर्जिनिया राज्य केंद्राकडे फक्त दाखल रुग्णांचीच नावं पाठवत असे. त्यामुळे त्याने दोन पिस्तुलं विकत घेतली तेव्हा तपासणीत काहीच निघालं नाही. नवा हक्कभंग न करता, असलेला कायदा पाळून तो अडला असता. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाने सरकारी विद्यापीठांना धोका पारखणाऱ्या समित्या नेमायला लावल्या.

या समित्या भाकीत करत नाहीत. 20 मध्ये एक शक्यतेवर कुणाला तुरुंगात घालता येत नाही, घालूही नये, पण दार ठोठावून विचारपूस नक्की करता येते. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ड्यूई कॉर्नेल यांनी शाळांतल्या 188 धमक्यांवर ही पद्धत वापरून पाहिली. सुमारे 70 टक्के धमक्या रागाच्या भरातल्या निघाल्या, माफी आणि समजुतीने मिटल्या. जितका हक्क काढून घ्यायचा तितका पुरावा जड हवा, हे न्यायालयाचं तत्त्व आणि बेझचं सूत्र इथे एकच गोष्ट सांगतात.

म्हणूनच एआय कॅमेऱ्यांच्या जाहिरातींनी मी चिडतो. 2025 मध्ये बाल्टिमोरजवळच्या एका शाळेत अशा यंत्रणेने चिप्सचं पाकीट बंदूक ठरवलं आणि एका मुलाच्या हातात बेड्या पडल्या.

बंदूक तात्पुरती काढून घेणारे कायदेही जड पुराव्याचा हाच उंबरठा पाळतात, निदान व्हर्जिनियाचा 2020 चा कायदा तरी. अर्ज पोलीस किंवा सरकारी वकीलच करू शकतात, तोही स्वतः चौकशी करून. पहिला आदेश 14 दिवसांचा. मग सुनावणी, ‘स्पष्ट आणि खात्रीलायक’ पुरावा लागतो, आणि कमाल मुदत 180 दिवस. वाढवायची तर पुन्हा न्यायालयात जायचं. खोटी माहिती देणं हा गुन्हा. कनेक्टिकटमधल्या अशा 762 जप्त्यांचा जेफ्री स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. त्यांच्या अंदाजाने दर 10 ते 20 जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्याच असतात, त्यामुळे सुरुवातीची शक्यता तिथे इतकी क्षुल्लक नसते.